औषधविराम व मळमळ

औषधविराम व मळमळ : दीर्घकाळ नियमितपणे घेतलेले औषध एकाएकी बंद केल्यास किंवा त्याची मात्रा वेगाने कमी केल्यास शरीरात जी लक्षणे उद्भवतात, त्यांना ‘विरामलक्षणे’ म्हणतात. मळमळ, ओकारी व अन्नावरची वासना उडणे ही त्यांपैकी वारंवार आढळणारी लक्षणे होत. अफूजन्य वेदनाहारके, बार्बिच्युरेटे, बेंझोडायाझेपीन वर्गातील शामके, अवसादरोधी (खिन्नता कमी करणारी) औषधे आणि कॉर्टिसोनसदृश स्टेरॉइडे अशा परस्परांहून अगदी भिन्न औषधांच्या विरामात मळमळ आढळते. औषधे व त्यांचे कार्य भिन्न असले, तरी या लक्षणाच्या इतिहासात एक साम्य दिसते. रुग्णांनी तक्रार केली, ती प्रथम मूळ रोगाचा उलटावा, मनाची दुर्बलता किंवा व्यसन म्हणून बाजूला सारली गेली आणि ती खरी असल्याचे मान्य होण्यास पुष्कळदा दशके लागली. मात्रा सावकाश उतरविणे हा मळमळीवरील मुख्य उपायही त्यामुळे पुनःपुन्हा नव्याने शोधावा लागला.

विरामलक्षणे व व्यसन या दोन गोष्टी एकच नव्हेत. व्यसनात औषधाची अनिवार ओढ असते आणि अपाय दिसत असूनही ते मिळविण्याची धडपड चालू राहते. विरामलक्षणे मात्र डॉक्टरने सांगितलेली मात्रा काटेकोरपणे घेणाऱ्या आणि औषधाची कोणतीही ओढ नसणाऱ्या व्यक्तीतही उद्भवू शकतात. औषधाच्या सततच्या सान्निध्याशी शरीराने केलेल्या जुळणीचा (अनुकूलनाचा) तो परिणाम असतो. या स्थितीस ‘शारीरिक अवलंबन’ अशी संज्ञा आहे.

कारणमीमांसा : ओकारीचे नियंत्रण मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेतून होते. तेथील एका लहानशा भागात रक्त व मेंदू यांमधील अडसर विरळ असल्याने रक्तातील रासायनिक बदल त्याला चटकन जाणवतात. हर्बर्ट बोरिसन व एस्. सी. वांग या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५० च्या सुमारास केलेल्या प्रयोगांतून या भागाचे कार्य स्पष्ट झाले. याशिवाय जठर व आतडी यांकडून प्राणेशा तंत्रिकेमार्फत (मेंदूपासून निघून छाती व उदर यांतील इंद्रियांपर्यंत जाणाऱ्या मज्जातंतूमार्फत) आणि तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाकडूनही तेथे संदेश पोहोचतात. विरामकाळातील मळमळ यांपैकी कोणत्याही मार्गाने निर्माण होऊ शकते.

अफूजन्य औषधे मेंदूतील नॉरअ‍ॅड्रेनॅलीन स्रवणाऱ्या कोशिकांचे (पेशींचे) कार्य मंदावतात व आतड्याची हालचालही कमी करतात. औषध थांबताच दोन्ही क्रिया उसळून वर येतात. त्यामुळे घाम, जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात मुरडा, जुलाब व ओकाऱ्या होतात. जुन्या पिढीतील अवसादरोधी औषधे अ‍ॅसिटिलकोलीन या द्रव्याच्या कार्यास विरोध करतात. ती बंद केल्यावर हा विरोध नाहीसा होऊन जठर व आतडी अतिक्रियाशील होतात, असे स्पष्टीकरण १९८० नंतरच्या दशकात पुढे आले. नव्या पिढीतील औषधे सेरोटोनीन या द्रव्याचे कार्य वाढवितात. शरीरातील बहुतांश सेरोटोनीन मेंदूत नसून आतड्यात असते. त्यामुळे या औषधांचा विराम पोटाला जाणवावा हे स्वाभाविक होय. त्यांच्या विरामात मळमळीबरोबर चक्करही येते. औषध सुरू करतानाही पहिले काही दिवस पुष्कळांना मळमळते. शरीर जुळवून घेते तेव्हा ती थांबते आणि औषध जाताना पुन्हा जुळवून घ्यावे लागते, तेव्हा ती परत येते.

लक्षणे केव्हा सुरू होतात हे मुख्यतः औषधाच्या अर्धायुकालावर (रक्तातील औषधाचे प्रमाण निम्मे होण्यास लागणाऱ्या काळावर) अवलंबून असते. लवकर निघून जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत ती एकदोन दिवसांत सुरू होतात. संथपणे निघून जाणाऱ्या औषधाच्या बाबतीत ती उशिरा व बहुधा सौम्य स्वरूपात दिसतात.

प्राचीन भारतीय विचार : सवयीची गोष्ट एकाएकी सोडू नये, हा विचार भारतीय वैद्यकात जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहितकर सवय अंशाअंशाने सोडण्याची व तिच्या जागी हितकर गोष्ट अंशाअंशाने आणण्याची रीत सांगितली आहे. दोन टप्प्यांमधील दिवसांचे अंतर क्रमाने वाढवीत न्यावे, असेही तेथे म्हटले आहे. चतुर्थांशाच्या या हिशेबामुळे या रीतीस ‘पादांशिक क्रम’ असे नाव आहे. हे विवेचन मुख्यतः आहारविहारासंबंधी आहे आणि आजच्या औषधांना ते जसेच्या तसे लागू करता येत नाही. तथापि सवयीच्या वस्तूशी शरीर जुळवून घेते (सात्म्य) आणि ती जुळणी मोडण्यास वेळ द्यावा लागतो, ही त्यामागील दृष्टी उल्लेखनीय आहे. मद्यपानाने होणाऱ्या मदात्यय रोगाच्या प्रकरणातही पिण्यात खंड पाडून नंतर एकदम अतिरेक करणाऱ्यास होणाऱ्या विकारांचे वर्णन आढळते.

अफू व मॉर्फीन : फ्रीड्रिख झेर्ट्यूर्नर या जर्मन औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अफूपासून मॉर्फीन वेगळे केले. १८५३ मध्ये एडिंबरो येथील अलेक्झांडर वुड यांनी त्वचेखाली अंतःक्षेपण करण्याची (टोचण्याची) पिचकारी वापरात आणली. त्यानंतरच्या दोन दशकांत यूरोप-अमेरिकेत मॉर्फीन टोचण्याचा उपचार सर्रास झाला. मज्जातंतूंची वेदना, निद्रानाश वा युद्धातील जखमा यांसाठी डॉक्टरने सुरू केलेले औषध पुढे सोडता येईनासे झाले. डॉक्टरच्या चिठ्ठीतून उद्भवलेल्या अवलंबनाचा हा पहिला मोठा अनुभव होय.

बर्लिनमधील चिकित्सक एडुआर्ट लेव्हिन्श्टाइन यांनी १८७७ साली या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यात विरामकाळातील ओकारी, जुलाब, अस्वस्थता व निद्रानाश यांचे बारकाईने वर्णन आहे. औषध एकदम तोडावे असे त्यांचे मत होते. त्यासाठी रुग्णास काही दिवस बंद खोलीत सतत देखरेखीखाली ठेवले जाई. रक्ताभिसरण एकाएकी कोसळण्याचा धोका त्यांनीही मान्य केला होता. त्यांच्या विरोधात आलब्रेख्ट एर्लेनमायर यांनी थोड्या दिवसांत पण टप्प्याटप्प्याने मात्रा उतरविण्याचा पुरस्कार केला, तर इतर काही चिकित्सक कित्येक आठवडे चालणारी संथ पद्धती वापरीत. एकदम, जलद की सावकाश हा वाद तेव्हापासून चालू आहे. एकदम तोडण्याच्या बाजूने जो युक्तिवाद होई त्यात नैतिक भूमिकेचा मोठा वाटा होता. रुग्णाची ओकारी हे शरीराचे लक्षण मानण्याऐवजी तो त्याच्या दुर्बल इच्छाशक्तीला मिळालेला दंड मानला जाई.

अमेरिकेतील केंटकी राज्यात लेक्सिंग्टन येथे १९३५ मध्ये उघडलेल्या शासकीय रुग्णालयात क्लिफ्टन हिमल्सबाख यांनी विरामलक्षणे मोजण्याची गुणपद्धती तयार केली. जांभया, घाम, बाहुल्या विस्फारणे, ताप, ओकारी इ. लक्षणांना गुण देऊन त्यांची तीव्रता दिवसागणिक आलेखात मांडता येऊ लागली. त्यामुळे ही लक्षणे कल्पित नसून त्यांस ठराविक क्रम असतो, हे सिद्ध झाले. या संशोधनातील व्यक्ती पुष्कळदा कैदी असत. त्यांची संमती कितपत मुक्त होती, यावर पुढे गंभीर आक्षेप घेण्यात आले [⟶ अफू, मॉर्फीन].

बार्बिच्युरेटे : एमील फिशर व योझेफ फोन मेरिंग यांनी १९०३ मध्ये बार्बिटाल हे झोपेचे औषध पुढे आणले. त्यानंतर फिनोबार्बिटाल व इतर अनेक बार्बिच्युरेटे प्रचारात आली. त्यांच्या विरामाने आचके येतात, असे वृत्तांत अधूनमधून प्रसिद्ध होत. तथापि खरे अवलंबन फक्त अफूजन्य औषधांचेच, असा समज दीर्घकाळ टिकून होता. १९५० मध्ये हॅरिस इझ्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी लेक्सिंग्टन येथे पाच व्यक्तींना तीन महिन्यांहून अधिक काळ बार्बिच्युरेटे देऊन नंतर ती एकदम बंद केली. पहिल्या दिवसभरात नशा उतरून त्यांस किंचित बरे वाटले. त्यानंतर अशक्तपणा, कंप, मळमळ व ओकारी ही लक्षणे दिसू लागली आणि पुढे बहुतेकांना आचके आले. या औषधांच्या बाबतीत मळमळ ही पुढे येणाऱ्या प्राणघातक आचक्यांची पूर्वसूचना असू शकते, हे या प्रयोगातून निर्विवाद ठरले. आज अशा प्रयोगास कोणतीही नीतिसमिती परवानगी देणार नाही.

कॉर्टिसोन व इतर स्टेरॉइडे : सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच व त्यांच्या सहकाऱ्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीस कॉर्टिसोन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. हेंच, एडवर्ड केंडल व टाडेउश राइखश्टाइन यांना १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. या औषधाचा विराम किती घातक ठरू शकतो, हे मात्र लवकरच दिसून आले. १९५२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात फ्रेझर व सहकाऱ्यांनी एका संधिवाताच्या रुग्णाचा वृत्तांत दिला. तो कॉर्टिसोन घेत असे. शस्त्रक्रियेच्या वेळी औषध थांबविले गेले व नंतर तो अवसन्नतेने (रक्तदाब अतिशय उतरून होणाऱ्या अवस्थेने) दगावला. शवपरीक्षेत त्याच्या अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांच्या वर असणाऱ्या अंतःस्रावी ग्रंथी) सुकलेल्या आढळल्या.

बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्यास या ग्रंथी आपले काम थांबवितात. औषध बंद झाल्यावर त्या पुन्हा कार्यरत होण्यास आठवडे, क्वचित अनेक महिने लागतात. तोवर मळमळ, ओकारी, पोटदुखी, कमालीचा थकवा व उभे राहताच येणारी भोवळ ही लक्षणे हॉर्मोनाची उणीव दर्शवितात. इतर औषधांच्या बाबतीत मळमळ बहुधा सोसून नेण्याजोगी असते. येथे तसे समजणे धोक्याचे असते व तिच्यावर केवळ ओकारी थांबविणारे औषध देणे ही गंभीर चूक ठरते. रुग्णास तातडीने स्टेरॉइड द्यावे लागते आणि ओकारीमुळे गोळी पोटात टिकत नसल्यास ते टोचावे लागते. ताप, अपघात किंवा शस्त्रक्रिया यांच्या वेळी शरीराची गरज वाढते. म्हणून अशा रुग्णांनी आपण स्टेरॉइड घेत असल्याची नोंद असलेले कार्ड जवळ बाळगावे, अशी पद्धत अनेक देशांत रूढ आहे.

बेंझोडायाझेपिने : लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेले क्लोरडायाझेपॉक्साइड (लिब्रियम) १९६० मध्ये व डायाझेपाम (व्हॅलियम) १९६३ मध्ये बाजारात आले. बार्बिच्युरेटांहून ती सुरक्षित म्हणून त्यांचे स्वागत झाले. १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर व सहकाऱ्यांनी नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत क्लोरडायाझेपॉक्साइड घेणाऱ्या ११ रुग्णांना, त्यांस न कळविता, निरौषध गोळ्या (औषधी द्रव्य नसलेल्या परंतु तशाच दिसणाऱ्या गोळ्या) दिल्या. त्यांपैकी १० जणांत नवी लक्षणे उद्भवली. निद्रानाश, अस्वस्थता, भूक मंदावणे व मळमळ यांचा त्यांत समावेश होता. दोघांना आचके आले. मात्रा फार मोठी होती, या कारणाने हा इशारा मागे पडला. ब्रिटनमधील औषधपुनर्विलोकन समितीने १९८० मध्ये १९६० ते १९७७ या काळात त्या देशात अशा औषधांवर अवलंबून असलेल्या व्यक्तींची संख्या केवळ २८ असल्याचा अंदाज दिला. पुढच्याच वर्षी लंडनमधील पेटुर्सन व माल्कम लेडर यांनी नेहमीच्या मात्रेवर असलेल्या १६ रुग्णांचे औषध उतरविले, तेव्हा सर्वांना कमीअधिक विरामलक्षणे जाणवली. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत, असा सल्ला दिला.

या विषयातील सर्वांत उपयुक्त व्यावहारिक काम न्यूकॅसल येथील प्राध्यापिका हीदर अ‍ॅश्टन यांनी केले. १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी केवळ विरामासाठी एक चिकित्सालय चालविले आणि सु. ३०० रुग्णांच्या अनुभवावर आधारलेली मार्गदर्शिका १९९९ मध्ये सिद्ध केली. लवकर निघून जाणाऱ्या औषधाऐवजी सावकाश निघून जाणारे डायाझेपाम द्यावे, मात्रा दर एक ते दोन आठवड्यांनी सु. एकदशांशाने कमी करावी आणि वेग रुग्णाच्या सहनशक्तीवरून ठरवावा, ही त्यांची सूत्रे होत. रुग्णाचे म्हणणे हीच त्यांच्या पद्धतीतील मुख्य मोजपट्टी होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या वर्गातील सर्व औषधांच्या वेष्टनपत्रकावर अवलंबन व विरामलक्षणे यांविषयी ठळक चौकटीत इशारा देण्याचा आदेश २०२० मध्ये, म्हणजे हॉलिस्टर यांच्या निरीक्षणानंतर सु. ६० वर्षांनी दिला.

अवसादरोधी औषधे : स्विस मानसचिकित्सक रोलंड कून यांनी १९५७ मध्ये इमिप्रामीन या औषधाचे अवसादरोधी गुण जाहीर केले. १९५९ मध्येच त्याच्या विरामलक्षणांची नोंद झाली. १९६१ मध्ये क्रेमर, क्लाइन व फिंक यांनी मळमळ, ओकारी, डोकेदुखी, भोवळ व थंडी वाजणे अशी लक्षणे वर्णिली. ती बहुधा थोड्या दिवसांत ओसरत व औषध पुन्हा दिल्यास लगेच थांबत. ही नोंद पाठ्यपुस्तकांत राहिली, पण व्यवहारात तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

सेरोटोनिनाचे पुनर्ग्रहण रोखणाऱ्या औषधांपैकी फ्ल्युऑक्सेटीन अमेरिकेत १९८७ अखेर मान्य झाले. त्यापाठोपाठ सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन, सिटॅलोप्राम इ. औषधे आली. पॅरॉक्सेटीन शरीरातून सु. एका दिवसात निम्मे होते, तर फ्ल्युऑक्सेटीन व त्यापासून शरीरात बनणारे क्रियाशील द्रव्य यांस कित्येक दिवस लागतात. त्यामुळे पॅरॉक्सेटिनाच्या विरामात मळमळ व चक्कर ठळकपणे दिसू लागली. १९९० नंतरच्या दशकात या लक्षणांना ‘डिसकंटिन्युएशन सिंड्रोम’ (औषधखंडजन्य लक्षणसमूह) असे नवे नाव देण्यात आले. हे नाव रूढ करणाऱ्या परिसंवादास फ्ल्युऑक्सेटिनाच्या उत्पादकाचे आर्थिक साहाय्य होते. ‘विराम’ या अर्थाचा जुना शब्द टाळल्याने व्यसनाचा कलंक टळला, असे या नावाचे समर्थक म्हणत. त्यामुळे लक्षणे किरकोळ वाटू लागली, असा टीकाकारांचा आक्षेप होता. लक्षणे सौम्य असून सु. एका आठवड्यात आपोआप थांबतात, असे विधान ब्रिटनमधील मार्गदर्शक सूचनांत दीर्घकाळ कायम होते. अधिक काळ मळमळणारा रुग्ण डॉक्टरकडे गेला, तर पुष्कळदा मूळ आजारच परतला असे निदान होई व औषध पुन्हा सुरू केले जाई.

मे २०१९ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायकिअ‍ॅट्रिस्ट्स या संस्थेने आपली भूमिका बदलून काही रुग्णांत लक्षणे तीव्र व दीर्घकालीन असू शकतात, हे मान्य केले. त्याच वर्षी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही दुरुस्ती झाली. या बदलामागे रुग्णांच्या संघटित तक्रारींचा मोठा वाटा होता. प्रमाणाविषयी मात्र मतभेद आहेत. निम्म्याहून अधिक रुग्णांना लक्षणे होतात, असा निष्कर्ष २०१८ मध्ये डेव्हिस व रीड यांनी काढला होता. २०२४ मध्ये हेन्सलर व सहकाऱ्यांनी ७९ अध्ययने एकत्र तपासली. त्यांत औषध थांबविलेल्यांपैकी सु. ३१ टक्के व निरौषध गोळी थांबविलेल्यांपैकी सु. १७ टक्के व्यक्तींना काही ना काही लक्षण जाणवले. तीव्र लक्षणांचे प्रमाण सु. ३ टक्के होते. यावरून तक्रारींचा काही भाग अपेक्षेतून निर्माण होतो व उरलेला भाग औषधविरामाचाच असतो, असे दिसते. बहुतेकांना फारसा त्रास होत नाही ही गोष्ट दिलासा देणारी आहे. पण हे औषध घेणाऱ्यांची जगातील संख्या लक्षात घेता तीन टक्के म्हणजेही फार मोठा समुदाय होतो. शिवाय अनेक अध्ययनांतील रुग्णांनी काही आठवडे वा महिनेच औषध घेतले होते. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मात्रा उतरविण्याचे गणित : गोळी प्रथम निम्मी, मग चतुर्थांश व मग बंद, हा जुना प्रघात. अखेरच्या टप्प्यावरच मळमळ असह्य का होते, याचे उत्तर मार्क होरोविट्झ व डेव्हिड टेलर यांनी २०१९ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकातील लेखात दिले. औषधाची मात्रा व मेंदूवरील परिणाम यांचे प्रमाण सरळ रेषेत नसते. सिटॅलोप्रामाच्या २० मिग्रॅ. मात्रेने सेरोटोनीन-वाहकांपैकी सु. ८० टक्के व्यापले जातात. मात्रा सु. ९ मिग्रॅ. केली, तरी सु. ७० टक्के व्यापलेले राहतात. २·३ मिग्रॅ. इतक्या अल्प मात्रेलाही सु. ४० टक्के व्याप्ती असते. म्हणजे निम्मी गोळी कमी करताना मेंदूला थोडाच फरक जाणवतो, तर शेवटचा बारीक तुकडा सोडताना मोठी खाली उडी मारावी लागते. म्हणून मात्रा जसजशी लहान होईल तसतसे टप्पे अधिक लहान करावेत, असे त्यांनी सुचविले. अफूजन्य वेदनाहारके वर्षाहून अधिक काळ घेणाऱ्यांच्या बाबतीत अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये दरमहा सु. १० टक्के किंवा त्याहून सावकाश घट सुचविली. औषध एकदम तोडल्याने असह्य वेदना, मानसिक त्रास व आत्महत्या असे परिणाम होतात, असा इशारा तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्येच दिला होता.

मळमळीवरील उपाय : मळमळ असह्य झाल्यास डॉक्टरच्या सल्ल्याने अगोदरच्या मात्रेवर परत जाणे व लक्षण शमल्यावर अधिक संथ गतीने उतरणे, हा पहिला व सर्वांत खात्रीचा उपाय होय. अशी माघार म्हणजे अपयश नव्हे. मूळ रोगाचा उलटावा व विराम यांतील फरक ओळखण्यास काळ उपयोगी पडतो. विरामलक्षणे बहुधा मात्रा कमी केल्यावर काही दिवसांत येतात, त्यांत मळमळ, चक्कर यांसारखी पूर्वी नसलेली शारीरिक लक्षणे असतात आणि औषध पुन्हा घेतल्यास ती लवकर हटतात. रोगाचा उलटावा सामान्यतः सावकाश होतो. म्हणून मात्रा व लक्षणे यांची दररोज नोंद ठेवणे हितावह असते.

पोट पूर्ण रिकामे राहिल्याने मळमळ वाढते. त्यामुळे थोड्या थोड्या वेळाने पेज, मऊ भात, मुगाच्या डाळीचे कढण, लाह्या, कोरडी भाकरी असा हलका आहार घ्यावा. तेलकट, मसालेदार व उग्र वासाचे पदार्थ टाळावेत. पाणी एकदम न पिता घोट घोट घ्यावे. ओकाऱ्या व जुलाब होत असल्यास क्षारसंजीवनी (साखर व क्षार यांचे प्रमाणशीर मिश्रण पाण्यात विरघळवून केलेले पेय) द्यावी. या पेयाचा प्राणरक्षक उपयोग १९७१ मध्ये दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या साथीत दाखवून दिला. आले व सुंठ यांचा वापर घरोघरी होतो व गरोदरपणातील मळमळीत त्यांचा काही गुण येतो, असे अध्ययनांत आढळले आहे. औषधविरामात त्यांवर विसंबून राहण्याइतका पुरावा नाही, मात्र आहारातील प्रमाणात ती घेण्यास सहसा हरकत नसते. मद्याने तात्पुरता आराम वाटला, तरी ते कटाक्षाने टाळावे. शामकांच्या जोडीने ते घातक ठरते.

ओकारी थांबविणारी औषधे अल्पकाळ उपयोगी पडतात. मेटोक्लोप्रामाइडाने स्नायूंच्या अनैच्छिक हालचाली होऊ शकतात. म्हणून यूरोपीय औषधसंस्थेने २०१३ मध्ये त्याचा वापर कमाल पाच दिवसांपुरता मर्यादित केला. डोंपेरिडोनावरही २०१४ मध्ये अशीच मर्यादा आली. डोंपेरिडोन व ऑनडॅन्सेट्रॉन यांमुळे हृदयाच्या विद्युत्‌लयीत बिघाड संभवतो. सिटॅलोप्रामासारखे औषध चालू असता हा धोका वाढतो. अफूजन्य औषधांच्या विरामासाठी क्लोनिडीन या रक्तदाबाच्या औषधाचा उपयोग १९७८ मध्ये गोल्ड, रेडमंड व क्लेबर यांनी दाखविला. तत्सम लोफेक्सिडीन अमेरिकेत २०१८ मध्ये मान्य झाले. ही औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

आणखी एक गोष्ट सहज नजरेआड होते. नियमित औषध घेणाऱ्यास अन्य कारणाने ओकाऱ्या झाल्यास गोळी पोटात टिकत नाही. त्यामुळे नकळत औषधविराम घडतो व मळमळ अधिकच वाढते. हे चक्र वेळीच ओळखावे लागते. दिवसभर पाणीही न टिकणे, लघवी अगदी कमी होणे, ओकारीत रक्त, तीव्र पोटदुखी, भ्रम, आचके किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. स्टेरॉइड घेणाऱ्याच्या बाबतीत नुसती सततची ओकारीही यास पुरेशी होय.

भारतातील स्थिती : मराठी वाचकास विरामलक्षणांची ओळख मुख्यतः ‘गर्द’ या नावाने पसरलेल्या अशुद्ध हेरॉइनच्या साथीमुळे झाली. १९८६ मध्ये पुणे येथे अनिता व अनिल अवचट यांनी स्थापन केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राच्या कार्यातून ‘टर्की’ हा विरामावस्थेचा बोली शब्दही परिचित झाला. या ओळखीचा एक अनिष्ट परिणाम असा की, विरामलक्षणे म्हणजे व्यसनच, असे समीकरण लोकांच्या मनात दृढ झाले. त्यामुळे झोपेची वा अवसादावरची गोळी सोडताना मळमळणारी व्यक्ती तक्रार करण्यास लाजते.

भारतात २०१३ च्या अधिसूचनेने औषधनियमांत ‘एच १’ ही नवी अनुसूची आली व २०१४ पासून ती अंमलात आली. अल्प्राझोलाम, डायाझेपाम इ. औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही ठेवून ती तीन वर्षे जपणे औषधविक्रेत्यावर बंधनकारक झाले. ट्रॅमाडॉल हे वेदनाहारक २०१८ मध्ये अमली औषधे व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ याच्या कक्षेत आले. हे निर्बंध औषध सुरू होण्याच्या बाजूने उपयुक्त आहेत. तथापि जो रुग्ण ते आधीच घेत आहे, त्याचा पुरवठा अचानक तुटल्यास निर्बंधच विरामाचे कारण ठरू शकतो. प्रवास, पैशाची अडचण, चिठ्ठीची मुदत संपणे किंवा बरे वाटू लागल्याने स्वतःहून गोळ्या सोडणे हीही विरामाची नित्याची कारणे होत. म्हणून औषध लिहून देतानाच ते किती काळ घ्यावयाचे व कोणत्या टप्प्यांनी बंद करावयाचे, हे रुग्णास सांगणे हा चिकित्सेचा भाग मानला पाहिजे. मळमळीची तक्रार आल्यास ‘शेवटची गोळी कधी घेतली व मात्रा केव्हा बदलली?’ हा प्रश्न डॉक्टरने प्रथम विचारावा.